वास विचारणारे साहेब

आमच्या गावात ते पहिल्यांदा आले ते उकिरड्याच्या वाटेनं.

आम्ही कमिटीची सगळी मंडळी धारकडून येणाऱ्या सडकेवर, नाक्यापाशी, फेटे बांधून उभे होतो. हार होते, गुलाबदाणी होती, एक सनईवालाही होता. संवत छप्पनचा दुष्काळ आणि त्याच्यामागून आलेली रोगराई ओसरल्यावर दरबारानं संस्थानातल्या कसब्यांच्या म्युनिसिपल कमिट्या तपासायला एक तपासनीस नेमला होता, आणि मनावर गावाच्या पलीकडचा आमचा कसबा त्यांच्या पहिल्याच फेरीत लागला होता. मी त्या कमिटीचा चिटणीस. स्वागताची तयारी माझीच होती. ऊन चढलं, हार मलूल व्हायला लागले, सनईवाला सावलीला जाऊन बसला. शेवटी गावाकडून कोतवाल धापा टाकत आला.

"साब तो कब के आ गए, भिया! पीछे से आए."

मागे म्हणजे पश्चिमेला. तिथे गावाचा केर, राख आणि मेलेली जनावरं टाकायची जागा होती. आम्ही सगळे लगबगीनं तिकडे गेलो. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ धोतर खोचून, हातातल्या छत्रीच्या टोकानं ढिगारा उकरत उभे होते. त्यांची दमणी लांब झाडाखाली सोडलेली होती आणि बैल निवांत रवंथ करत होते.

आमच्या कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब पुढे झाले. काकासाहेब म्हणजे जुन्या सरदार घराण्यातले, सहा फुटी, पिळदार मिशांचे. गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. ते म्हणाले, "आम्ही नाक्यावर आपली वाट पाहत होतो."

"नाका तुम्ही माझ्यासाठी झाडून घेतला असणार," गृहस्थ म्हणाले. "इकडे कुणी झाडलं नसेल असं वाटलं, म्हणून इकडून आलो." मग त्यांनी काकासाहेबांकडे अगदी शाळेतल्या मुलाच्या उत्सुकतेनं पाहिलं आणि विचारलं, "इथे वास कसा येतो?"

काकासाहेबांना हा अपमान वाटला. "उकिरड्याला येतो तसा."

"तसा म्हणजे कसा? आंबूस? कुजका? का केस जळल्यासारखा?"

"मी असले वास घेत हिंडत नाही."

"आता उभेच आहात, तर घ्या ना. आणि मला सांगा."

आणि ते खरोखर उत्तराची वाट पाहत उभे राहिले. काकासाहेबांनी मिशीला हात लावला, इकडेतिकडे पाहिलं, आणि अखेर जन्मात पहिल्यांदाच आपल्या गावच्या उकिरड्याचा नीट वास घेतला. "कुजका," ते म्हणाले. "आणि... आंबूससुद्धा." साहेबांनी मान डोलावली, आभार मानले आणि हार घालून घेतले.

तेव्हापासून जिथे जातील तिथे हाच प्रश्न. मोरीपाशी, खाटकांच्या दुकानांपाशी, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, धर्मशाळेच्या खोल्यांत. कमिटीच्या प्रत्येक सभासदाला वेगळा विचारायचे आणि उत्तरं जुळली नाहीत तर पुन्हा विचारायचे. गावातली पोरं आणि बायका त्यांना 'सूंघनवाला साब' म्हणायला लागल्या. आमचे एक सभासद वैद्य होते. ते खाजगीत म्हणायचे की हा माणूस आम्हां सगळ्यांना खजील करण्यासाठीच ठेवलेला आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

मुक्कामाची त्यांची तऱ्हा तर आणखीच वेगळी. डाकबंगला झाडून, पलंगावर मच्छरदाणी लावून ठेवलेली असायची. ते तिथे फक्त सामान ठेवायचे. राहायला जायचे ते गावातल्या सगळ्यात वाईट गल्लीत. आमच्याकडे ती खालची गल्ली. सगळ्या गावाचा उतार तिकडे, त्यामुळे गावानं सोडून दिलेलं सगळं पाणी शेवटी तिकडेच. तिथे एका पुजाऱ्याच्या ओसरीवर ते घोंगडी टाकून राहिले. मग कमिटीला काही विचारायचं, सांगायचं असलं की आम्हाला त्या ओसरीवर जावं लागे. धोतराचे सोगे हातात धरून, मोरीच्या कडेकडेनं, एकामागून एक. काकासाहेबांसारखा माणूस पहिल्या दिवशी गेला तेव्हा गल्लीतली माणसं दारात येऊन बघत राहिली. त्यांच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात ते त्या गल्लीत पहिल्यांदाच आले होते. ओसरीवर पोचल्यावर साहेबांनी त्यांना बसायला चटई दिली आणि सभेचा सगळा विचार तिथेच, नाकाला रुमाल लावू न देता, पुरा केला.

पुढच्या फेरीपासून आमच्या कमिटीत एक चमत्कारिक भीती शिरली. साहेब या खेपेला कुठल्या गल्लीत राहतील याचा नेम नाही, म्हणून साऱ्याच गल्ल्या झाडाव्या लागायच्या. मी हे त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "असं का? मला काही हे सुचलं नव्हतं." पण डोळे मिस्कील होते.

ते मूळचे देवासचे. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. थोरल्या पातीचं एक, धाकट्या पातीचं एक, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांची हद्द आणि त्या अंगाला दुसऱ्यांची. साहेब त्याच्या गोष्टी रंगवून सांगत. त्यांची आई तिन्हीसांजेला दारात येऊन समोरच्या राज्यातला कंदील लागला का ते बघायची, आणि लागलेला दिसला की वडिलांना म्हणायची, "आपल्या राज्यात अजून अंधार आहे हो!" मग वडील उठून दिवाबत्तीवाल्याला हाक मारायचे. समोरच्या घरातही तेच चालायचं म्हणे.

"तपासणी मी आईकडून शिकलो," ते म्हणाले. "समोर दुसरं घर असावं लागतं, चिटणीस. नाहीतर आपला दिवा आपल्याला लखलखीतच वाटतो."

हे त्यांनी आमच्यावरही चालवलं. शेजारच्या एका कसब्यानं दगडी मोरी कशी बांधली आहे याचं ते इतकं बारकाईनं वर्णन करत की आमच्या सभेत त्यावर वादावादी झाली. अखेर काकासाहेबांनी मला ती मोरी बघून यायला पाठवलं. अर्ध्या वाटेत एका वडाखाली त्या कसब्याचा चिटणीस भेटला. तो आमच्या गावचे दिव्याचे खांब बघायला निघाला होता. आम्ही दोघांनी एकमेकांना खरी हकीगत सांगितली, की ना त्यांच्याकडे मोरी होती ना आमच्याकडे खांब, पुष्कळ हसलो, बरोबरची भाकरी खाल्ली आणि आपापल्या गावी परतलो. पण घरी येऊन मी काकासाहेबांना सांगितलं की मोरी चांगली आहे. त्या चिटणिसानंही तसंच काही सांगितलं असावं, कारण वर्ष फिरायच्या आत त्यांच्याकडे मोरी आणि आमच्याकडे खांब, दोन्ही खरोखरच उभे राहिले.

माळवी त्यांना यायची, पण भयंकर. बाईला पुल्लिंगी आणि बैलाला स्त्रीलिंगी. बावडीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचे, "क्यों बाई, तू पाणी कां से भरता हे?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि हसता हसता कुठल्या विहिरीला शेवाळ आलंय, कुठला भिस्ती मशक धूत नाही, कुणाच्या घरातलं सांडपाणी रस्त्यावर येतं, सगळं सांगून टाकायच्या. मी एकदा त्यांची चूक दुरुस्त केली. ते म्हणाले, "शुद्ध बोललो ना, तर त्या पदर पुढे ओढून गप्प बसतील. राहू द्या."

दप्तर ते अगदी शेवटच्या दिवशी बघायचे. माझं अक्षर छान आहे म्हणायचे आणि मिटून ठेवायचे.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराशीच पानं मांडायची रीत होती. ते अगदी दाराला लागून बसले होते, त्यांच्या पाठीशी चूल. बोलणं रंगलं होतं, आणि आत बासुंदीचं दूध लागलं. करपल्याचा वास असा सुटला की माजघरात झोपलेले माझे वडील उठून बाहेर आले. माझी बायको हळहळली, मुलांनी नाकं दाबली. साहेब मात्र शांतपणे भात कालवत होते आणि मला काहीतरी सांगत होते. आमचे सगळ्यांचे चेहरे पाहिल्यावर ते थांबले. त्यांनी एकेकाकडे आळीपाळीनं पाहिलं, मग चुलीकडे वळून पाहिलं.

"दूध करपलं का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते ओशाळं हसले. "सापडलो, चिटणीस."

हात धुतल्यावर अंगणात त्यांनी सांगितलं. तरुणपणी मोठा ताप आला होता, त्यातून उठले तेव्हा वास गेलेला. पंचवीस-तीस वर्षं झाली. फूल नाही, उदबत्ती नाही, उकिरडा नाही.

"मग आपण सगळ्यांना जे विचारत हिंडता ते..."

"मला कळत नाही म्हणून विचारतो. दुसरं काय?" मग म्हणाले, "सुरुवातीला लाज वाटायची. अशा खात्यात नाकाशिवाय माणूस! पण मग ध्यानात आलं, की जिथली माणसं तिथला वास घेऊ शकत नाहीत. रोज त्यातच असतात. त्यांना आणि मला सारखंच कळतं. विचारलं तर निदान एकदा ते घेऊन बघतात. कुणाला सांगू नका मात्र."

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे निराळ्या कुतूहलानं बघायला लागलो. एखाद्या जागी गेले की ते जागेकडे थोडं आणि माणसांच्या तोंडाकडे फार बघत. नाकपुडी कुणाची हलली, कुणी श्वास धरला, कोण बोलता बोलता मागे सरला, हे सगळं टिपत. आम्ही जे लपवत होतो ते आमची तोंडं त्यांना सांगत होती.

आता ज्या गोष्टीसाठी त्यांची आठवण आमच्या गावात अजून निघते ती सांगतो.

खालच्या गल्लीत छप्पननंतर दर उन्हाळ्यात पटकी यायची. हैजा म्हणायचे तिकडे. बाकीच्या गावात तुरळक, पण त्या गल्लीत घरटी माणूस जायचा. आम्ही देवीला साकडं घालायचो, चुना टाकायचो, आणि पावसाळा लागला की विसरायचो. साहेब विसरायला तयार नव्हते. त्यांचा संशय होता गावच्या मोठ्या बावडीवर. बावडीच्या वरच्या अंगाला काकासाहेबांची हवेली, आणि हवेलीची पागा. पन्नासेक जनावरांचं मूत, धुवण आणि गड्यांच्या संडासाची घाण पागेमागच्या खड्ड्यात जिरायची. तेच खडकाच्या भेगांतून बावडीत उतरत असणार, असं साहेबांचं म्हणणं.

हे त्यांनी भर सभेत, काकासाहेबांच्या तोंडावर सांगितलं.

काकासाहेब तांबडेलाल झाले. त्यांचं दुखणं मला कळत होतं. ते कडक होते, पण कंजूष किंवा दुष्ट नव्हते. छप्पनच्या रोगराईत त्यांची पत्नी पटकीनंच गेली होती. तेव्हापासून तिच्या नावानं ते दर उन्हाळ्यात खालच्या गल्लीच्या तोंडाशी पाणपोई घालत. आपल्या हवेलीच्या परसातल्या विहिरीचं पाणी, वाळा घालून, मोठमोठ्या रांजणांत. ते पाणी गोड म्हणून प्रसिद्ध होतं. बावडीची चढण चढण्यापेक्षा गल्लीतले म्हातारे, पोरं तिथेच पीत. आठवड्याच्या हाटाला गंधवानीच्या जंगलातून येणारे भिलाले लोक तिथे भोपळ्याचे तुंबे भरून नेत. अशा माणसाला 'तुमच्यामुळे गावात पटकी येते' असं कुणीतरी म्हणत होतं.

"सिद्ध करा," काकासाहेब म्हणाले.

"करतो. पण आपल्या मदतीशिवाय व्हायचं नाही," साहेब म्हणाले. "आपल्या पागेच्या खड्ड्यात घासलेट ओतायचं. जमिनीतून वाट असेल तर थोड्याच दिवसांत बावडीच्या पाण्याला वास येईल. नसेल तर येणार नाही, आणि मी या सभेत आपली माफी मागेन."

"ओता! मी माझ्या हातानं ओततो."

आणि त्यांनी खरोखर स्वतःच्या हातानं ओतलं. कमिटीच्या दिव्यांसाठी आणलेले घासलेटचे डबे पागेमागे नेले, सगळं गाव जमलं, काकासाहेबांनी बाह्या सारून डबे उपडे केले. त्या आठवड्यात गावात दिवे लागले नाहीत, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरलंही नाही. जो तो बावडीकडे डोळे लावून बसला होता.

रोज सकाळी बावडीच्या पायऱ्यांवर जत्रा भरे. पहिली घागर वर आली की बायका वाकून वाकून वास घेत. साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत उभे असत.

"कई नी आवे, साब!" बायका सांगत.

एक दिवस गेला, दुसरा गेला, आणखीही गेले. बावडीचं पाणी होतं तसं निर्मळ. वैद्यांनी घेतला, मी घेतला, पुजाऱ्यानं घेतला. काही नाही. गावात चेष्टा सुरू झाली. साहेब आपल्या ओसरीवर बसून विचार करत. मला म्हणाले, "चिटणीस, मी चुकलो. बावडी नव्हे." त्यांच्या आवाजात खंत नव्हती, नवल होतं. "मग काय असेल? उन्हाळ्यातच का? त्याच गल्लीत का?" असं स्वतःशीच विचारत राहिले.

काकासाहेबांनी मोठ्या मनानं सगळ्यांना हवेलीवर पन्ह्याला बोलावलं. साहेबांनाही. जिंकलेल्या माणसाचं औदार्य होतं त्यात. सदरेवर गालिचे टाकले होते, वाळ्याचे पडदे भिजवून सोडले होते. साहेब आल्याबरोबर उभं राहून म्हणाले, "मी बावडीबद्दल जे बोललो ते चुकीचं निघालं. सरदारसाहेबांची मी सर्वांसमक्ष माफी मागतो." काकासाहेबांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

मग चांदीच्या पेल्यांतून पन्हं आलं. कैरीचं, केशर-वेलदोडा घातलेलं.

मी पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला.

केशराच्या मागून, वेलदोड्याच्या मागून, बारीकसा, पण चुकायचा नाही असा घासलेटचा वास. मी वैद्यांकडे पाहिलं. वैद्यांनी पेला ओठांना लावून तसाच खाली आणला होता आणि ते छताच्या हंड्या निरखत होते. पुजाऱ्याचा घोट उतरला होता, पण चेहरा वाकडा झाला होता. सदरेवर सगळे एकदम गप्प. स्वयंपाकघरात कळलं नसेल असं नाही. पण पाहुणे बसलेले, सरदारांचं बोलावणं, कोण बोलणार? आम्ही तरी कुठे बोलत होतो?

साहेबांनी आपला पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. "उत्तम झालंय," असं म्हणत त्यांनी वर पाहिलं. आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, वैद्यांकडे, पुजाऱ्याकडे. मग सगळ्या भरलेल्या पेल्यांवरून नजर फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. त्यांना कळलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही.

यजमान म्हणून काकासाहेबांनी आपला पेला सर्वांत शेवटी उचलला. "घ्या ना, मंडळी, संकोच कसला?" असं म्हणून त्यांनी मोठा घोट घेतला.

पेला खाली ठेवताना तो गालिच्यावर कलंडला. त्यांनी तो उचलला नाही. गडी आत-बाहेर करत होते तेही थबकले.

"साहेब," काकासाहेब म्हणाले, "घासलेट आहे."

पुजाऱ्यानं आपला पेला अलगद बाजूला सरकवला.

"हे परसातल्या विहिरीचं पाणी आहे. आमच्या प्यायच्या." ते एकेक शब्द जपून टाकल्यासारखे बोलत होते. "पाणपोईलाही हेच जातं." मग आवाज अगदी खाली आला. "तीही हेच पीत होती."

वैद्य काहीतरी बोलू लागले, की कदाचित गड्याच्या हाताला घासलेट लागलं असेल, दिवे पुसताना. पळवाट चांगली होती. काकासाहेबांनी ती घेतली असती तर आमच्यापैकी कुणी पुढे एक अक्षर काढलं नसतं. त्यांनी हात वर करून वैद्यांना थांबवलं, उठले, आणि स्वतः परसात गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी पोहरा सोडला, पाणी वर काढलं, ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं. मग पोहरा जमिनीवर ओतला आणि गड्याला सांगितलं, "विहिरीवर फळ्या टाक. आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणपोईवर गेले. रांजण आदल्या संध्याकाळीच उपडे केले होते. तिथे ते उन्हात उभे राहिले, हाटाचा दिवस होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगत राहिले की हे पाणी खराब होतं, माझ्या पागेनं खराब केलं, ज्यांच्या घरात माणसं गेली त्यांची मी क्षमा मागतो. माणसं गोंधळून ऐकत. काही रडली. एकानं शिव्या दिल्या, भर बाजारात, आणि काकासाहेबांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या. साहेब थोड्या अंतरावर उभे होते. ते त्यांच्याजवळ गेले नाहीत आणि तिथून हललेही नाहीत. दुपारी खालच्या गल्लीतली एक बाई बावडीवरून घागर घेऊन येत होती, ती थांबली. म्हणाली, "सुबे से उबा हो, काकासाब. पाणी पी लो." काकासाहेबांनी तिथेच गुडघ्यावर बसून ओंजळ धरली. आमच्या गावात, त्या काळी, अशा घराण्यातल्या माणसानं अशा घरच्या बाईच्या हातचं पाणी पिणं म्हणजे काय होतं ते आज सांगून कळायचं नाही. बाजार थबकून बघत होता.

संध्याकाळी काकासाहेबांनी राजीनामा लिहून साहेबांच्या ओसरीवर आणून दिला. साहेबांनी वाचला आणि परत केला.

"आपण गेलात तर मोरी कोण बांधील? पागा कोण हलवील? मी तर परवा जाणार."

"मला तोंड दाखवायला जागा नाही, साहेब."

"आज दिवसभर दाखवलंत की."

दरबारात मात्र हे इतक्या सोपेपणानं मिटलं नाही. पटकीच्या मृत्यूंबद्दल वर विचारणा झाली होती आणि कुणाला तरी जबाबदार धरणं सोयीचं होतं. मी कागद घेऊन साहेबांबरोबर धारला गेलो होतो. तिथले एक बडे अधिकारी म्हणाले, "त्या सरदाराला दूर करा. गावापुढे उदाहरण राहील."

साहेब म्हणाले, "उदाहरण राहील, पण कसलं? त्या सदरेवर आम्ही सगळे होतो. वास सगळ्यांना आला. बोलला तो एकटा. त्याला काढलंत तर पुढच्या खेपेला कुठल्याच गावात कुणी बोलणार नाही, आणि मग मी तपासू काय?"

"तुम्ही त्यांची बाजू घेता आहात."

"होय, घेतो. त्यांना काढायचं असेल तर आधी मला मोकळं करा."

इतकं ते कधी कुणाशी तोडून बोलले नव्हते. परिणाम व्हायचा तो झाला. काकासाहेब अध्यक्ष राहिले, आणि साहेबांची गंधवानीच्या बाजूला जंगलखात्यात बदली झाली. तपासनिसाची जागा काही वर्षं रिकामीच राहिली.

काकासाहेबांनी पागा गावाबाहेर नेली. खालच्या गल्लीतून नदीपर्यंत दगडी मोरी बांधली. बांधकामावर ते रोज उभे असत, पूर्वी शिकारीला उभे राहत तसे. परसातली विहीर बुजवली. पाणपोई पुन्हा घातली, बावडीच्या पाण्याची.

पुढच्या उन्हाळ्यात, वैशाख सरता सरता, साहेब रजा घेऊन आले. आता ते कुणाचे तपासनीस नव्हते, त्यामुळे कुणी झाडून ठेवलं नव्हतं की कुणी नाक्यावर उभं नव्हतं. जंगलात राहून काळे पडले होते, वाळले होते. काकासाहेबांनी त्यांना मोरी दाखवायचा घाट घातला, पण ते म्हणाले, "मोरी राहू द्या. गल्लीत जाऊन येतो." मला बरोबर घेतलं.

त्या गल्लीत शिरताच डाव्या हाताला एक छोटं खपरेली कौलांचं घर होतं. त्या घरातला कर्ता बाप्या आदल्या उन्हाळ्यात गेला होता. त्याची बायको तेव्हा उंबऱ्यात बसून असायची. साहेबांनी तिला कितीदा विचारलं होतं, काय हवं, काय नको. तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, मानही हलवली नव्हती. या उन्हाळ्यात त्या गल्लीतून एकही तिरडी निघाली नव्हती, हे मी साहेबांना वाटेत सांगितलं होतं.

आम्हाला बघताच ती बाई तरातरा बाहेर आली, कमरेवर हात ठेवून.

"ओ साब! थे कमेटी वाला हो नी? म्हारी बकरी छोड दो!"

मी सांगायला गेलो की साहेब आता कमिटीचे नाहीत. साहेबांनी मला खूण करून गप्प केलं.

"बकरी क्या किया, बाई?" त्यांनी आपल्या त्या भयंकर माळवीत विचारलं.

मग बाई सुटली. कमिटीचा माणूस येतो, दारातली बकरी धरून कोंडवाड्यात घालतो, दंड मागतो. बकरी मोरीच्या कडेचं गवत खात होती तर कुणाचं काय गेलं? मोरी काय बकरीनं बांधली? मोरीवरचा एक दगड हलतो, पोरं पडतील, तो बसवायला कुणाला वेळ नाही, बकरी धरायला बरा वेळ आहे! आणि हा चिटणीस, माझ्याकडे बोट करून, हा रोज इथून जातो आणि बघत नाही!

शेजारपाजारच्या बायका जमल्या. एकीला दगडाबद्दल बोलायचं होतं, दुसरीला डुकरांबद्दल. मी रुमालानं कपाळ पुसत होतो. साहेब त्या खपरेली घराच्या ओट्यावर जाऊन ऐसपैस बसले, छत्री बाजूला ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"बोल, बाई, बोल," ते म्हणाले. "और क्या?"